उजेडाचा हिशेब

एखाद्या शाळेची इमारत अजून कागदावरच आहे. पाया खणलेला नाहीं, भिंत उठलेली नाहीं. अशा वेळीं संस्थेचे चालक वास्तुशिल्पज्ञाला एक साधा प्रश्न विचारतात : हिंवाळ्यांत सकाळीं नऊ वाजतां खिडकीपासून सर्वांत दूरच्या बांकावर बसलेल्या मुलाला दिवा न लावतां पुस्तक वाचतां येईल काय ? प्रश्न साधा आहे, पण त्याचें उत्तर देणें सोपें नाहीं. खिडकींतून आलेला उजेड सरळ बांकावर येऊन थांबत नाहीं. तो जमिनीवर पडतो, तेथून छताकडे उसळतो, छतावरून भिंतीवर येतो, आणि प्रत्येक पृष्ठभाग आपला वांटा गिळून उरलेला पुढें पाठवितो. दूरच्या बांकापर्यंत जो उजेड पोंचतो तो बहुतेक असा हस्तेंपरहस्तें आलेला असतो.

पूर्वींचे वास्तुशिल्पज्ञ याचा अंदाज अनुभवानें करीत, किंवा इमारतीची लहानशी प्रतिकृति बनवून ती कृत्रिम आकाशाखालीं ठेवीत आणि आंत प्रकाशमापक घालून मोजमाप घेत. आज हें काम पुष्कळ अंशीं संगणक करतो. इमारतीचीं मापें, भिंतींचे रंग, कांचेची पारदर्शकता आणि आकाशाची स्थिति हें सारें त्याला सांगितलें म्हणजे तो त्या न बांधलेल्या खोलीचें चित्र काढून देतो. चित्र इतकें हुबेहूब असतें कीं पाहणाऱ्याला तें छायाचित्रच वाटावें. धोका आहे तो नेमका येथेंच. हुबेहूब दिसणें निराळें आणि खरें असणें निराळें. तीच खोली, तीच खिडकी, तेंच आकाश असतांना संगणकाला दिलेल्या आज्ञेंतील चारपांच आंकडे बदलले, तर खोली एकदां अंधारी ठरते आणि एकदां उजळ. खोटेपणानें अंधारी ठरली, तर विनाकारण दिवे वाढतात किंवा खिडक्या मोठ्या होऊन उन्हाची झळ आंत येते. खोटेपणानें उजळ ठरली, तर मुलांच्या डोळ्यांना वर्षानुवर्षें ताण सोसावा लागतो. म्हणून हे आंकडे कोणते, आणि त्यांतला कोणता कोणत्या चुकीवर ताबा ठेवतो, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

अशा गणितासाठीं ज्या प्रोग्रॅमला जगभर मान आहे त्याचें नांव ‘रेडियन्स’. ग्रेग वॉर्ड यांनीं १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत त्याच्या रचनेस आरंभ केला. अमेरिकेचें ऊर्जा खातें आणि स्वित्झर्लंडचें सरकार यांच्या साहाय्यानें तो वाढला. १९९४ सालीं वॉर्ड यांनीं त्याचें समग्र वर्णन एका निबंधांत प्रसिद्ध केलें, आणि २००२ सालीं त्याचा मूळ मजकूरहि सर्वांना खुला करण्यांत आला. किरणांचा माग काढून चित्र तयार करण्याची कल्पना त्याच्या आधींची आहे. १९६८ सालीं आर्थर अ‍ॅपेल यांनीं ती सांवल्यांसाठीं वापरली. १९८० सालीं टर्नर व्हिटेड यांनीं आरशांतलीं प्रतिबिंबें आणि कांचेंतून होणारें वक्रीभवन तिच्या कक्षेंत आणलें. परंतु त्या चित्रांचा मुख्य हेतु डोळ्यांना पटणें हा होता. वॉर्ड यांची अपेक्षा अधिक कठोर होती. चित्रांतला प्रत्येक ठिपका भौतिक परिमाणांत मोजलेला प्रकाश असावा, आणि खोली बांधून झाल्यावर तेथें प्रकाशमापक ठेवला तर त्याचा कांटा त्याच आंकड्याजवळ यावा, अशी ती अपेक्षा होती.

हें गणित चालतें कसें ? सूर्यापासून निघालेले सर्व किरण मोजूं लागलें तर त्यांपैकीं बहुतेक किरण पाहणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत कधीं येणारच नाहींत, आणि सारा खटाटोप व्यर्थ जाईल. म्हणून संगणक उलट्या वाटेनें निघतो. तो डोळ्यापासून किरण बाहेर सोडतो, तो कोणत्या वस्तूवर जाऊन आदळतो तें पाहतो, आणि त्या जागीं प्रकाश कोठून कोठून येत असेल याचा शोध घेतो. आपल्याकडे न्यायदर्शनानें नेत्राला तैजस मानलें आणि नेत्राचा किरण वस्तूपर्यंत जातो असें प्रतिपादन केलें. डोळ्याच्या शास्त्रानें तें मत पुढें सोडून दिलें, तरी संगणकाच्या हिशेबाला हीच दिशा सोयीची ठरली. यांत खोटें कांहीं नाहीं. कारण ज्या वाटेनें प्रकाश येतो त्याच वाटेनें त्याला उलट नेतां येतें, असा निसर्गाचाच नियम आहे.

रेडियन्सशीं बोलावयाचें तें लेखी आज्ञांच्या भाषेंत. ‘ओकॉन्व्ह’ या आज्ञेनें इमारतीचें वर्णन एकत्र बांधून घ्यावयाचें आणि ‘आरपिक्ट’ या आज्ञेनें त्याचें चित्र काढवावयाचें, असा साधारण क्रम असतो. आज्ञेच्या नांवापुढें आडवी रेघ, एकदोन अक्षरें आणि एखादा आंकडा अशा जोड्या लिहितात. त्यांना पर्याय म्हणतात. व्याकरणाच्या दृष्टान्तानें बोलावयाचें तर आज्ञा हें क्रियापद, इमारत हें कर्म, आणि पर्याय हीं क्रियाविशेषणें होत. काय करावयाचें हें क्रियापद सांगतें. किती बारकाईनें, किती खोलवर करावयाचें हें क्रियाविशेषणें सांगतात. कोणता पर्याय लिहिलाच नाहीं तर प्रोग्रॅम अडत नाहीं. तो आपल्या पदरचा ठराविक आंकडा धरून पुढें जातो. हे ठराविक आंकडे कोणते आहेत हें ‘आरपिक्ट’च्या पुढें ‘-डिफॉल्ट्स’ असें लिहून विचारतां येतें. परंतु नवशिका तें विचारीत नाहीं, आणि न लिहिलेल्या पर्यायांनीं होणाऱ्या चुका लिहिलेल्यांपेक्षां अधिक असतात.

पहिली अशी चूक खोलीच्या बाहेरच, म्हणजे आकाशांत होते. आकाशाचें वर्णन ‘जेनस्काय’ हा जोडीचा प्रोग्रॅम तयार करून देतो. त्याला महिना, दिवस आणि तास सांगावयाचे. पुढें ‘+एस’ लिहिलें तर सूर्यासह निरभ्र आकाश मिळतें, ‘-एस’ लिहिलें तर आकाश निरभ्रच, पण सूर्यबिंबावांचून. आणि ‘-सी’ लिहिलें तर पूर्ण ढगाळ आकाश मिळतें. ढगाळ आकाश सर्वत्र सारखेंच उजळ असतें असा सामान्य समज आहे; पण तसें नाहीं. पॅरी मून आणि डोमिना स्पेन्सर यांनीं १९४२ सालीं दाखविल्याप्रमाणें अशा आकाशाचा माथा क्षितिजापेक्षां सुमारें तिप्पट तेजस्वी असतो. १९५५ सालीं आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानें हेंच प्रमाण मान्य केलें आणि ‘-सी’ त्यालाच अनुसरतो.

आतां ही शाळा मुंबईंत आहे असें धरावें. ‘-ए’ या पर्यायानें अक्षांश, ‘-ओ’नें रेखांश आणि ‘-एम’नें घड्याळाचें प्रमाण रेखावृत्त सांगावयाचें असतें. हे तीन पर्याय गाळले तर प्रोग्रॅम आपल्या जन्मभूमीकडचें, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडचें स्थान गृहीत धरतो. तेथें दुपारचा सूर्य बाराहि महिने दक्षिणेकडे असतो. मुंबईंत मात्र मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित् उत्तरेस असतो. उत्तरेच्या खिडकीवर छज्जा हवा कीं नको हा प्रश्न मुंबईंत खरा आहे. कॅलिफोर्नियाच्या सूर्याला विचारलें तर तो पुष्कळसा निराळें उत्तर देईल.

तीन पर्याय लिहिले तरी आणखी एक खोंच उरतेच. जेनस्काय रेखांश पश्चिमेकडे धन मानतो. पूर्वेचे रेखांश उणे लिहावे लागतात. मुंबईसाठीं ‘-ए १९’, ‘-ओ -७२.८’ आणि ‘-एम -८२.५’ असें लिहिणें बरोबर. भूगोलाच्या पुस्तकाच्या संवयीनें कोणी ७२.८ आणि ८२.५ हे दोन्ही आंकडे नुसतेच लिहिले, तर काय होतें ? मुंबईचें सौर मान भारतीय प्रमाण वेळेच्या सुमारें एकोणचाळीस मिनिटें मागें असतें. चिन्ह चुकल्यामुळें तें तितकेंच पुढें धरलें जातें. दोहों मिळून फरक सुमारें ७८ मिनिटांचा पडतो. म्हणजे नऊ वाजतांची खोली म्हणून जी दाखविली जाते ती वस्तुतः सव्वादहाच्या पुढच्या सूर्याची असते. चित्र सुंदर येतें, सांवल्या रेखीव पडतात, आणि प्रश्नाचें उत्तर मात्र साफ चुकतें.

आकाश बरोबर झालें म्हणजे खोलींत शिरावें. येथें सर्वांत महत्त्वाचा पर्याय ‘-एबी’. पसरट, हस्तेंपरहस्तें येणाऱ्या उजेडाच्या किती उसळ्या मोजावयाच्या हें तो सांगतो. लिहिला नाहीं तर त्याचें मोल शून्य. शून्याचा अर्थ नीट ध्यानीं घ्यावयास हवा. सूर्य किंवा दिवा यांची जागा ठरलेली असते; त्यांच्याकडे नेमका किरण पाठवून ते दिसतात कीं आड जातात हें पाहतां येतें. आकाश हें तसें नव्हे. तें सर्व बाजूंनीं पसरलेलें मंद तेज आहे. त्याचा उजेड हवा असेल तर चोहोंकडे किरण पाठवून तो हुडकावा लागतो. हें हुडकणें म्हणजेच पहिली उसळी. म्हणून शून्य असतांना खोलींत फक्त उन्हाचा तुकडा दिसतो आणि बाकी सारें काळेंकुट्ट. एक लिहिलें म्हणजे जेथून आकाश किंवा बाहेरचें उन्हांतलें अंगण थेट दिसतें तेवढे भाग उजळतात. दोन लिहिल्यावर जमिनीनें छताला दिलेला उजेड हिशेबांत येतो, आणि तीन-चार झाल्यावर कोपरे उमलूं लागतात.

मग किती उसळ्या पुरेशा ? एका ढोबळ हिशेबानें हें समजतें. खोलीचे पृष्ठभाग सरासरीनें पडलेल्या प्रकाशाच्या निम्मा परत पाठवितात असें मानलें, तर पहिल्या उसळींत अंतिम उजेडाचा निम्मा भाग मिळतो, दुसरींत एकूण ७५ टक्के, तिसरींत ८७.५, चौथींत जवळजवळ ९४ आणि पांचवींत सुमारें ९७ टक्के. पांचाच्या पुढें जाण्यांत फारसा लाभ नाहीं. पण खोलीला पांढरा शुभ्र चुना दिला आणि परतावा ८० टक्के झाला, तर चित्र पालटतें. पांच उसळ्यांनंतरहि ६७ टक्केच उजेड हातीं येतो आणि आठ झाल्या तरी ८३ टक्के. म्हणजे जी खोली मुळांत अधिक उजळ आहे तिच्यावर कमी उसळ्यांचा हिशेब अधिक अन्याय करतो. दूरच्या बांकाला तर हा अन्याय सर्वांत जास्त भोंवतो, कारण त्याच्या वांट्याला थेट आकाश जवळजवळ येतच नाहीं. त्याचा उजेड नंतरच्या उसळ्यांतलाच असतो. वास्तुशिल्पज्ञानें भिंती पांढऱ्या करून जें कमावलें तें एका आंकड्याच्या कंजूषपणानें हिशेबांतून गळून जातें.

हा खड्डा बुजविण्याचा एक सोपा मार्गहि रेडियन्सनें ठेवला आहे, आणि तो जपूनच वापरावा लागतो. ‘-एव्ही’ या पर्यायानें न मोजलेल्या उजेडाच्या जागीं एक ठरीव उजेड सर्वत्र मिळवितां येतो. पुष्कळ उसळ्या मोजून झाल्यावर उरलेल्या किंचित् भागासाठीं तो घालणें न्याय्य आहे. पण कोणी उसळ्या न मोजतां नुसता हा आंकडाच वाढविला, तर खोली हवी तितकी उजळ दिसेल. तो उजेड कोणत्याहि खिडकींतून आलेला नसेल.

दुसरा प्रश्न असा कीं प्रत्येक उसळीच्या वेळीं चोहोंकडे किती किरण पाठवावयाचे ? हें ‘-एडी’ ठरवितो. येथें आपली जुनी म्हण उपयोगी पडते : शितावरून भाताची परीक्षा. भिंतीवरच्या एका बिंदूला समोरच्या अर्ध्या गोलांतून येणारा सर्व प्रकाश तपासतां येत नाहीं. म्हणून कांहीं दिशा निवडून तेवढीं शितें चाचपावयाचीं. परंतु खोलींतलें भात सर्वत्र सारखें शिजलेलें नसतें. समोर अंधाऱ्या भिंतीचा मोठा विस्तार आणि त्यांत एक लहानशी लखलखीत खिडकी असली, तर थोड्या किरणांपैकीं एखाद्याला खिडकी सांपडते, शेजारच्या बिंदूच्या वेळीं ती निसटते. परिणामीं भिंतीवर उजळ आणि काळसर डाग उठतात. किरण वाढविले म्हणजे डाग निवळतात. पण निवळण्याची गति मंद आहे. ही चूक किरणसंख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणांत घटते. चूक निम्मी करावयाची तर किरण चौपट हवेत, पाव करावयाची तर सोळापट. म्हणून ‘-एएस’ हा मदतनीस पर्याय ठेवला आहे. पहिल्या फेरींत ज्या दिशांना उजेडांत मोठा चढउतार आढळतो तेवढ्याच दिशांना, म्हणजे बहुधा खिडकीच्या कडांपाशीं, तो ज्यादा किरण पाठवितो. सरसकट खर्च वाढविण्यापेक्षां हा खर्च शहाणपणाचा.

इतक्यानेंहि काम भागत नाहीं. एका बिंदूपासून हजार किरण, त्यांतल्या प्रत्येकाच्या टोकापासून पुन्हां हजार, असें नुसत्या गुणाकारानें चालूं लागलें तर दुसऱ्याच उसळीला दहा लाख आणि तिसरीला शंभर कोटि किरण होतात. आणि हें चित्रांतल्या एकेका ठिपक्यासाठीं. येथें वॉर्ड यांनीं फ्रान्सिस रुबिनस्टाइन आणि रॉबर्ट क्लिअर यांच्यासह १९८८ सालीं मांडलेली युक्ति कामास येते. उन्हाची कड तीक्ष्ण असते, पण उसळून आलेला उजेड भिंतीवर हळूहळू बदलत जातो. मग तो प्रत्येक बिंदूला नव्यानें कां मोजावा ? कांहीं निवडक जागीं काळजीपूर्वक मोजून ठेवावा आणि मधल्या जागांसाठीं जवळपासच्या नोंदींवरून अनुमान करावें. सपाट, मोकळ्या भिंतीवर नोंदी विरळ असल्या तरी चालतें. कोपऱ्यांत, छज्ज्याखालीं, वस्तु एकमेकींजवळ येतात तेथें त्या दाट घ्याव्या लागतात.

या अनुमानाला किती मोकळीक द्यावयाची हें ‘-एए’ सांगतो. आंकडा लहान तितकें अनुमान सावध. शून्य लिहिलें तर अनुमान बंद आणि प्रत्येक बिंदूचें स्वतंत्र गणित. दाटीला मर्यादा घालतो तो ‘-एआर’. दृश्याच्या एकूण विस्ताराला ‘-एए’नें गुणून ‘-एआर’नें भागलें म्हणजे दोन नोंदींमधलें लहानांत लहान अंतर निघतें. इमारत ५० मीटर लांब, ‘-एए’ ०.१ आणि ‘-एआर’ ५० असेल तर हें अंतर १० सेंटिमीटर येतें. खिडकीच्या छज्ज्याखालचा काळोख टिपण्यास तें पुरेसें आहे. परंतु इमारत अधांतरीं दिसूं नये म्हणून कोणी भोंवतीं १००० मीटरचें सपाट मैदान काढून जोडलें, तर दृश्याचा विस्तार वीसपट होतो आणि तें अंतर १० सेंटिमीटरचें एकदम २ मीटर होऊन बसतें. खोलींत कांहींहि बदललेलें नसतें, आज्ञाहि तीच असते. तरी छज्ज्याची सांवली पुसट होते आणि कोपऱ्यांतून उजेड गळल्यासारखा दिसतो. दोष शोधणारा खोलींत शोधीत बसतो, आणि तो दडलेला असतो बाहेरच्या मैदानांत. उपाय दोन : मैदान लहान करावें किंवा ‘-एआर’ वाढवून १००० करावा.

दिव्यांच्या बाबतींत दोन पर्याय थोडक्यांत सांगण्यासारखे आहेत. लांबट नळीचा दिवा एकाच बिंदूंतून प्रकाशतो असें धरलें तर सांवल्या खऱ्यापेक्षां कठोर पडतात. ‘-डीएस’ त्या नळीचे अंतराच्या मानानें तुकडे पाडतो, आणि ‘-डीजे’ किरणांना किंचित् इकडेतिकडे हलवून सांवलीची कड मृदु करतो. केवळ दिवसाच्या उजेडाचा प्रश्न असेल तेव्हां यांना दुय्यम स्थान द्यावें.

एवढे सारे आंकडे निवडावयाचे कसे ? ज्याला घाई आहे त्याच्यासाठीं ‘रॅड’ नांवाचा प्रोग्रॅम आहे. त्याला चित्राचा दर्जा हलका, मध्यम कीं उत्तम हवा, उजेडांत चढउतार किती आहे, बारकावे किती आहेत आणि किती उसळ्या महत्त्वाच्या आहेत, एवढें व्यवहारी भाषेंत सांगितलें म्हणजे बाकीचे पर्याय तो स्वतः बसवितो. आरंभासाठीं हा मार्ग उत्तम. पण ज्या उत्तरावर इमारत उभी राहावयाची आहे तें उत्तर तपासून घेणें भाग आहे, आणि त्याची कसोटी एकच. प्रथम कमी आंकड्यांनीं हिशेब करावा. नंतर एका वेळीं एकच पर्याय वाढवावा : उसळ्या एकेक करून, किरण दुपटीनें. प्रत्येक वेळीं दूरच्या बांकावरचा उजेड किती बदलला तें पाहावें. जोंवर उत्तर हलतें आहे तोंवर तें उत्तर इमारतीचें नव्हे, तर पर्यायांचें आहे. आंकडा वाढवूनहि तें हलेनासें झालें म्हणजे मग तें इमारतीचें उत्तर म्हणावयास हरकत नाहीं. दोन-तीन पर्याय एकदम बदलणाऱ्याला फरक कोणामुळें पडला हें कधींच कळत नाहीं.

‘उत्तर’ म्हणजे येथें चित्र समजूं नये. चित्राला पाहण्याजोगें करतांना त्याचा उजळपणा वरखालीं करावाच लागतो. ‘पीफिल्ट’ हा प्रोग्रॅम तें काम आपोआप करतो. त्यामुळें खरोखर अंधारी खोलीसुद्धां कागदावर प्रसन्न दिसूं शकते. खरा जबाब मागावयाचा तो ‘आरट्रेस’ या आज्ञेला. बांकाच्या उंचीवरचा एक बिंदु आणि वर पाहणारी दिशा सांगून कॅपिटल ‘आय’चा पर्याय जोडला, म्हणजे ती त्या जागीं पडणारा प्रकाश तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन आंकड्यांत देते. त्यांना अनुक्रमें ४७.४, १२० आणि ११.६ यांनीं गुणून बेरीज केली कीं प्रकाशमापकावर वाचतात तें लक्स हें परिमाण मिळतें. हा आंकडा कोणत्याहि सजावटीनें बदलत नाहीं. अशाच आंकड्यांची परीक्षा जॉन मार्डल्येविच यांनीं १९९० नंतरच्या दशकांत ब्रिटनमध्यें घेतली. खऱ्या खोल्यांत घेतलेलीं मापें आणि त्याच क्षणीं मोजलेल्या आकाशावरून रेडियन्सनें काढलेलीं उत्तरें त्यांनीं शेजारीं शेजारीं ठेवलीं, आणि पुष्कळ ठिकाणीं त्यांचा मेळ जवळचा आढळला. त्यावरून एवढें सिद्ध होतें कीं नीट विचारलें असतां हा प्रोग्रॅम नीट सांगतो. नीट विचारण्याची जबाबदारी तो घेत नाहीं.

मात्र कोणी कसें विचारलें याची नोंद तो अवश्य ठेवतो. रेडियन्सनें काढलेल्या प्रत्येक चित्राच्या फाइलीच्या शिरोभागीं, ज्या आज्ञांनीं तें चित्र तयार झालें त्या आज्ञा पर्यायांसकट लिहिलेल्या असतात; ‘गेटइन्फो’ ही आज्ञा दिली कीं त्या वाचावयास मिळतात. व्यापारी खातेवहींत बेरजेबरोबर रकमाहि मांडतो, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून शाळेच्या चालकांपुढें, किंवा नवें घर घेणाऱ्या कुटुंबापुढें, कोणी असें उजळ चित्र ठेवलें, तर त्यांनीं चित्राची वाखाणणी अवश्य करावी आणि तीन प्रश्न विचारावे. आकाश कोणत्या गांवचें आणि कोणत्या दिवसाचें ? उसळ्या किती मोजल्या ? आणि आंकडे वाढवून पाहिले तेव्हां उत्तर हललें काय ? या तिहींचीं उत्तरें त्या फाइलीशीं जुळलीं, तर चित्रांतल्या उजेडावर विसंबून पाया खणावयास हरकत नाहीं.